कोयासान की कुमानो? हातात तीनच दिवस असतील तर

ओसाकाला आमच्याकडे येणारा पाहुणा तिसऱ्या दिवशी हमखास एक वाक्य बोलतो. किल्ला बघून झालेला असतो, क्योतोची गर्दी अंगावर घेऊन झालेली असते, आणि मग चहा पिताना येतं, "ते सगळं ठीक आहे, पण जरा गावाकडचं जपान दाखवा ना."

गावाकडचं म्हटलं की माझं बोट नकाशावर खाली सरकतं. ओसाकाच्या दक्षिणेला डोंगरांनी भरलेला एक मोठा तुकडा समुद्रात घुसलेला दिसतो. हा कीइ द्वीपकल्प. त्यातला बराचसा भाग वाकायामा प्रांतात येतो. इथे संत्र्यांच्या बागा आहेत, उमेबोशी म्हणजे खारवलेल्या उमे फळांचं माहेर आहे, आणि उरलेल्या जागेत सुगी नावाच्या उंच, सरळ सुचिपर्णी झाडांची रानं. महाराष्ट्राशी या प्रांताचा २०१३ पासून सहकार्य करारही आहे. आपल्याकडे तो फारसा कुणाला माहीत नसतो.

या भागात बघण्यासारख्या मोठ्या जागा दोन, कोयासान आणि कुमानो. २००४ साली युनेस्कोने दोन्हींना जागतिक वारशाच्या एकाच नोंदीत घातलं. प्रांत एक, नोंद एक आणि नकाशावर अंतर चार बोटांचं, त्यामुळे सगळे म्हणतात, "दोन्ही करून टाकू." तीन दिवसांत नका करू. मधे डोंगर आहेत. दोन्ही जोडणारी बस साधारण एप्रिल ते नोव्हेंबर एवढीच चालते आणि बदलाबदली धरून चार-पाच तास खाते. पायी जायची जुनी वाट आहे, कोहेची नावाची. ती सत्तर किलोमीटर आणि वाटेत हजार मीटरवरच्या तीन खिंडी. तेव्हा एक निवडा. कुठली सुंदर, हा प्रश्नच नाही. प्रश्न तुमच्या गुडघ्यांचा आणि पोटाचा आहे.

कोयासान : जाऊन बसण्याची जागा

ओसाकातल्या नाम्बा स्थानकातून नानकाई कंपनीची गाडी सुटते. ही खासगी रेल्वे, जेआरचा म्हणजे जपान रेल्वेजचा पास इथे चालत नाही; ऐनवेळी फाटकावर अडकलेले पाहुणे मी पाहिले आहेत. दीड तासाच्या आसपास गाडी डोंगरात शेवटच्या स्थानकावर पोचते. नाव गोकुराकुबाशी, म्हणजे सुखावतीचा पूल. तिथून तारेवर ओढली जाणारी केबल कार पाच मिनिटांत तुम्हाला तीनशे मीटरहून जास्त वर नेते, आणि पुढे बस. वरच्या स्थानकापासून गावापर्यंतचा रस्ता फक्त बसचा आहे, चालत जायला मनाई आहे. घरातून निघाल्यापासून खोलीत पिशवी टाकेपर्यंत अडीच तास, आणि चढण जवळजवळ शून्य.

वर सुमारे आठशे मीटर उंचीवर एक सपाट खोलगट जागा आहे, भोवती डोंगरमाथे. तिथलेच लोक म्हणतात, कमळाच्या पाकळ्यांमधे गाव बसलंय. शंभराहून अधिक देवळं, त्यातल्या पन्नासेक देवळांत पाहुण्यांची राहायची सोय. इसवी सन ८१६ मधे सम्राटाने ही जागा कूकाई नावाच्या भिक्षूला दिली. कूकाई ८०४ साली चीनला गेला होता. तिथे त्याने मंत्रमार्गाची दीक्षा घेतली आणि प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला. परत येऊन त्याने शिंगोन पंथ उभा केला. 'शिंगोन' म्हणजे 'सत्य वचन', मंत्र या शब्दाचंच ते चिनी वळणाचं भाषांतर.

मराठी माणसाला कोयासान वेगळं वाटतं ते इथे. जपानमधल्या इतर देवळांत आपण बघे असतो. इथे मात्र सारखं काहीतरी ओळखीचं दिसत राहतं. पहाटे भिक्षू अग्नी पेटवून आहुती देतात, त्याला 'गोमा' म्हणतात. शब्द कुठून आला ते सांगायला नको. फुदो म्योओ हा ज्वाळांतला उग्र देव म्हणजे अचल, बेंझायतेन म्हणजे सरस्वती. ध्यानाचा एक प्रकार आहे, 'आजिकान'. भिंतीवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतलं एकच अक्षर टांगलेलं असतं आणि त्याच्यासमोर शांत बसायचं. ते अक्षर 'अ'. पाटीवर गिरवलेला पहिला अ बाराशे वर्षांपूर्वी एवढ्या लांब येऊन बसलाय, हे बघून माझी काकू डोळे मिटायचंच विसरली होती.

आणि ओकुनोइन. गावाच्या पूर्व टोकाला एक छोटा पूल लागतो, तिथून कूकाईच्या समाधीपर्यंत दोन किलोमीटरची दगडी वाट. दोन्ही बाजूंना शेकडो वर्षं जुनी सुगीची झाडं, आणि त्यांच्या मुळांशी दोन लाखांहून अधिक स्मारकशिळा. शेवाळलेल्या, कललेल्या, काही जमिनीत अर्ध्या गेलेल्या. ओदा नोबुनागा हा सोळाव्या शतकातला बडा सरदार इथे आहे आणि त्याचा घात करणारा आकेची मित्सुहिदेही. आयुष्यभर एकमेकांशी लढलेले ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केन्शिन वाटेच्या दोन बाजूंना. नव्या भागात कंपन्यांनी आपल्या दिवंगत कामगारांसाठी बांधलेली स्मारकं आहेत, एक तर चक्क रॉकेटच्या आकाराचं. कीटकनाशकांच्या व्यवसायातल्या लोकांनी मारलेल्या वाळव्यांसाठी उभारलेला दगडही आहे. हसू येतं, आणि मग येत नाही.

शिळांपैकी पुष्कळशा पाच आकार एकावर एक रचलेल्या असतात: खाली चौकोनी ठोकळा, वर गोल, मग उतरतं छप्पर, मग अर्धगोल, टोकाला ज्योतीसारखा मणी. हे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. नीट पाहिलं तर प्रत्येकावर सिद्धम् अक्षर कोरलेलं असतं, अ, व, र, ह, ख. पंचमहाभूतांना मिळणे हा वाक्प्रचार आपण बोलतो. इथे तो दगडात घडवून ठेवलाय.

शेवटचा पूल ओलांडला की टोपी काढायची, फोटो बंद. पलीकडे दिव्यांचं दालन आणि त्यामागे समाधी. ८३५ साली कूकाई वारला असं इथे कुणी म्हणत नाही. तो ध्यानात बसला आहे. म्हणून रोज दोन वेळा भिक्षू लाकडी पेटीतून त्याचं जेवण घेऊन जातात, आजही. आळंदीला जाऊन आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ओकुनोइन एकदा संध्याकाळी कंदील लागल्यावर आणि एकदा पहाटे, असं दोनदा चाला. दुपारी पर्यटकांच्या बसगाड्या येतात, तेव्हा गावात दुसरीकडे फिरा: कोंगोबुजी या मुख्य मठातली पांढऱ्या वाळूची मोठी शिळाबाग आहे, दाइतो हा लालभडक उंच स्तूप आहे.

आणखी एक गोष्ट, जी पर्यटन पुस्तिकांत सहसा नसते. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मधे महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. सुगीच्या रानातल्या या गावात तो चेहरा समोर आला की काही मिनिटं माणूस बोलत नाही.

कुमानो : चालत जाण्याची जागा

कुमानोचं सगळंच उलटं. पहिली गोष्ट, कुमानो हे गाव नाही. तो एक अख्खा मुलूख आहे आणि त्यात तीन मोठी देवस्थानं, होंगू, हायातामा आणि नाची. क्योतोहून निवृत्त सम्राट इथे यायचे. गो-शिराकावा हा तर तीसहून अधिक वेळा आला. पुढे सामान्य लोक इतक्या संख्येने येऊ लागले की 'कुमानोची मुंग्यांची यात्रा' असा वाक्प्रचारच पडला. वाटेवर ठिकठिकाणी 'ओजी' नावाची छोटी देवस्थानं, परंपरेने नव्याण्णव. पालखीचे विसावे असतात तशीच. आता तिथे लाकडी पेटीत शिक्का ठेवलेला असतो, पुस्तिकेत उमटवायचा. लहान मुलांपेक्षा बाबा लोक त्याच्या मागे लागतात.

यायचं कसं? शिन-ओसाकाहून जेआरची कुरोशिओ एक्स्प्रेस, कीइ-तानाबेपर्यंत सव्वादोन तासांच्या आसपास. इथे पास चालतो. पण खरा प्रवास पुढे आहे: तानाबेहून होंगूला बस, जवळजवळ दोन तास, वळणावळणाची. एसटीने घाट चढताना ज्यांच्या पोटात ढवळतं त्यांनी गोळी घेऊन बसावं. बस दिवसात मोजक्याच. एक चुकली की दीड-दोन तास शेतात बसून ढग मोजायचे.

तानाबेमधे वेळ उरला तर एका माणसाची चौकशी जरूर करा, मिनाकाता कुमागुसु. हा विक्षिप्त निसर्गशास्त्रज्ञ इथे राहायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने छोटी देवस्थानं मोठ्यांत विलीन करून त्यांच्या देवराया तोडायला काढल्या, तेव्हा हा माणूस पेटून उठला. त्याच्यासारखे लोक आडवे गेले म्हणून या वाटेवरची काही प्रचंड झाडं आज उभी आहेत. १९२९ मधे सम्राट आले तेव्हा त्याने आपले बुरशीसारख्या जीवांचे नमुने कॅरॅमलच्या खोक्यातून भेट दिले. देवराई हा शब्द ज्यांना माहीत आहे त्यांना हा माणूस आवडेल.

वाट कुठली घ्यायची, हे इथे ठरवावं लागतं, आणि इथेच लोक चुकतात. ताकिजिरीपासून होंगूपर्यंतची नाकाहेची वाट अडतीस किलोमीटर, दोन दिवसांची. तब्येतीत चालणाऱ्याने ती करावी, सामान पुढच्या मुक्कामी पोचवणारी सेवा मिळते. ज्यांना फक्त चव घ्यायची आहे त्यांनी बसने होश्शिनमोनला उतरावं आणि तिथून होंगूला चालत यावं: सात किलोमीटर, बहुतेक उतार, रमतगमत तीन तास. चहाचे मळे, कुणी न बसता फळभाज्या विकायला ठेवलेले टेबल, नाणं डब्यात टाकायचं. एवढ्यात काम भागतं.

नाचीकडे जाणारी ओगुमोतोरी मात्र गंमत नाही. साडेचौदा किलोमीटर, आणि कोगुचीहून निघाल्यावर पहिल्या चार-पाच किलोमीटरांतच आठशे मीटरच्या आसपास चढ. त्यातल्या एका चढाचं नाव दोगिरीझाका, अंग कापणारी चढण. सिंहगड आतकरवाडीतून दर रविवारी चढणारा माझा पुण्याचा मित्र वर पोचल्यावर वीस मिनिटं नुसता बसून होता, आणि पायऱ्यांवरच्या ओल्या शेवाळाला त्याने ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येत नाहीत.

होश्शिनमोनच्या सोप्या वाटेवर एक जागा आहे, फुशिओगामी ओजी. अर्थ साष्टांग नमस्कार. झाडीतून होंगू पहिल्यांदा दिसायचं ते इथून. वारीत वेळापूरजवळ धावा होतो, तसा हा क्षण. इथली आख्यायिका अशी: इझुमी शिकिबु ही हजार वर्षांपूर्वीची कवयित्री इथवर आली आणि तिला पाळी आली. आता दर्शन नाही, म्हणून तिने खिन्न होऊन कविता केली. रात्री स्वप्नात देवाने उत्तर दिलं, मी धुळीत मिसळलेलाच आहे, तू ये. कुमानोने स्त्रिया, आजारी, आंधळे, सगळ्यांना घेतलं, ही त्याची जुनी ख्याती. याउलट कोयासानात १८७२ पर्यंत स्त्रियांना मज्जाव होता. त्या गावाच्या वेशीवर बांधलेल्या 'न्योनिनदो', म्हणजे स्त्रियांच्या दालनातून परत फिरायच्या. त्यातलं एक दालन अजून उभं आहे. मी कोयासानच्या कितीही प्रेमात असलो, तरी या बाबतीत मन कुमानोकडे झुकतं.

होंगूचं मूळ देऊळ नदीच्या वाळवंटात होतं. १८८९ च्या पुराने ते नेलं, उरलेलं वर टेकडीवर हलवलं. जुन्या जागी आता सुमारे चौतीस मीटर उंचीची प्रचंड तोरी, म्हणजे देवळाची कमान, भातशेतांच्या मधोमध एकटी उभी आहे. तीन पायांचा कावळा इथला वाटाड्या. जपानच्या फुटबॉल संघाच्या छातीवर जो दिसतो तो हाच. आपण कावळ्याला पिंड ठेवून वाट बघतो, इथे कावळा वाट दाखवतो.

नाचीला १३३ मीटरचा धबधबा हाच देव आहे. त्याच्यापुढे कमान आहे, देऊळ नाही. शेजारच्या सेइगांतो-जी या बौद्ध मंदिराची स्थापना, परंपरा सांगते, समुद्रातून वाहत आलेल्या एका भारतीय साधूने केली. आणि खाली किनाऱ्याजवळच्या फुदाराकुसान-जी मधून एकेकाळी भिक्षूंना बंद होडीत बसवून समुद्रात सोडत. ते अवलोकितेश्वराच्या फुदाराकु या लोकाला निघालेले असत. फुदाराकु म्हणजे पोटलक, आणि पोटलक पर्वत बौद्ध ग्रंथांनी ठेवलाय दक्षिण भारतात. त्या होडीची प्रतिकृती तिथे बघायला मिळते. चार बाजूंना चार कमानी आणि मधे खिडकी नसलेली खोली.

पोट, पाणी, पैसे

शाकाहारी असाल तर इथेच निकाल लागतो. कोयासानच्या देवळांत 'शोजिन र्योरी' मिळते, भिक्षूंचं जेवण: मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. पातळ पदार्थांचा अर्क कोंबू या समुद्री वनस्पतीचा आणि वाळवलेल्या अळिंबीचा. तिळाचं मऊसूत गोमा-दोफू आणि वाळवून पुन्हा भिजवलेलं सोयाबीनचं पनीर, कोया-दोफू, ही इथली खासियत. लसूण न खाणाऱ्या आमच्या जैन शेजाऱ्यांचं जपानमधलं निर्धास्त जेवण तेवढंच झालं. (मुळं-कंद असतात, तेवढं आधी सांगावं.) तिखट नाही, फोडणी नाही. पोरं दुसऱ्या दिवशी कुरकुरतात, शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या.

कुमानोत गावातल्या घरगुती खोल्यांत जेवण उत्तम असतं, पण ते मासळीचं. "मासा नको" म्हटलं तरी सूपमधला दाशी, म्हणजे अर्क, कात्सुओ माशाचाच राहतो, कारण यजमानीणबाईंच्या लेखी तो मासा नसून चव असते. आरक्षण करतानाच "दाशीसुद्धा नको" असं लिहून कळवा. वाटेसाठी मेहारी-झुशी घ्या, मोहरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला भाताचा गोळा. मासे खाणाऱ्यांना मात्र कुमानोच. कात्सुउरा हे ट्यूनाचं बंदर आहे.

आंघोळीत कुमानो सरळ जिंकतं. युनोमिने या गावात ओढ्याच्या मधोमध त्सुबोयु नावाची लाकडी खोपट आहे, आत दोन माणसं मावतील एवढं गरम पाण्याचं कुंड. जागतिक वारशाच्या यादीतलं कुंड आणि त्यात तुम्ही बसू शकता, अर्धा तास, दार आतून लावून. सगळ्यांसमोर उघडं व्हायला लाजणाऱ्या आपल्या लोकांना हे फार सोयीचं. बाहेर उकळत्या झऱ्यात अंडी आणि रताळी उकडायची सोय आहे. जवळच्या कावायुमधे नदीकाठची वाळू उकरली की गरम पाणी लागतं. कोयासानात देवळातलं सामायिक न्हाणीघर असतं, ठीक असतं.

खर्चात फारसा फरक नाही. दोन जेवणांसह माणशी बारा ते वीस हजार येन दोन्हीकडे धरा. कोयासानात एकच रात्र पुरते, कुमानोला दोन लागतात, फरक तिथे पडतो.

पावसाचं मात्र ऐका. कीइचा दक्षिण भाग जपानमधल्या सर्वांत जास्त पावसाच्या पट्ट्यांपैकी आहे. जूनमधे पावसाळा, ऑगस्ट-सप्टेंबरमधे वादळं. २०११ च्या सप्टेंबरमधल्या वादळाने इथे डोंगर खाली आणले होते. त्या दिवसांत कुमानो ठरवू नका. कोयासानला पाऊस शोभतो, पण जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ पडतं आणि कागदी दारांच्या खोलीत थंडी वाजते, भिक्षूंनी हीटर दिला तरी. पानं लाल व्हायचा काळ कोयासानात ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात. तेव्हा खोली काही महिने आधी धरा.

कुणी कुठे

आई-वडील सोबत आहेत, कुणाचे गुडघे दुखतात, घरात कांदा-लसूण नाही, किंवा एकच रात्र हाताशी आहे, तर कोयासान. मनात प्रश्न असलेली माणसंही तिथेच पाठवतो. ज्यांना रविवारी घरी बसवत नाही आणि पावसात भिजल्याचं दुःख नसतं, त्यांनी कुमानोला जावं. नवराबायको दोघंच असतील, मासे चालत असतील, तर त्यांनीही कुमानोच. दहा वर्षांखालची मुलं असतील तर खरं सांगायचं तर दोन्ही नको. त्यांना शिराहामाच्या पांढऱ्या वाळूत सोडा. तिथले पांडा मात्र २०२५ च्या जूनमधे चीनला परत गेले, जुनी माहिती वाचून मुलांना आश्वासन देऊन बसू नका.

कुमानो ठरवलंत आणि चौथा दिवस मिळाला, तर आल्या वाटेने परतू नका. नाचीहून कात्सुउराला उतरा आणि तिथून कुरोशिओ पकडा. ओसाकाला जाताना डावीकडची खिडकी मागून घ्या. कुशिमोतोजवळ समुद्रात ओळीने उभे असलेले हाशिगुइ-इवाचे खडक त्याच बाजूला येतात, आणि गाडी खडकांपाशी थांबत नाही.